कच्ची वही कोण वाचणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, आणि त्या रविवारी ठाण्यात पाचपाखाडीला माझ्या बहिणीच्या घरी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. भाच्याला इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये एमएस करायचं आहे. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, दोन-तीन विद्यापीठं त्याने हेरून ठेवली आहेत. त्याचे काका वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करताहेत. त्यांचं मत ठाम आहे: ही पदवी धड कोडिंगची नाही आणि धड मॅनेजमेंटची नाही, करायचंच तर कॉम्प्युटर सायन्स कर, आणि आता एआय आल्यावर तर असल्या मधल्या माणसांची गरजच उरणार नाही. त्याच्या बाबांचा हिशेब निराळा. अभ्यासक्रम ‘स्टेम’मध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात, मोडतो का? मोडत असेल तर शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांवर आणखी चोवीस महिने अमेरिकेत काम करता येतं; तेवढ्यात कर्ज किती फिटेल? सकाळच्या ठाणे-वाशी गाडीत ऐरोली येईपर्यंत हाच वाद मला रोज नव्या तोंडून ऐकू येतो. पॅकेज, व्हिसा, एआय. या अभ्यासक्रमात शिकवतात काय आणि ते शिकलेल्या माणसाचं कुणाला काय काम पडतं, एवढं मात्र कुणीच विचारत नाही.

मी अठरा वर्षं कंपन्यांमध्ये ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंतचं सगळं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवण्याचं काम केलं आणि आता नवी मुंबईतल्या एका कॉलेजात संध्याकाळी हाच विषय शिकवते, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा विषय शिकण्यासारखा आहे आणि त्याची गरज कमी होणार नसून वाढणार आहे. पण तो ज्या वेळी आणि ज्या जागी शिकवला जातो, ती वेळही चुकीची आहे आणि जागाही. दोन-तीन वर्षं काम केल्याशिवाय या पदवीला हात घालू नये, आणि ज्या कॉलेजचे विद्यार्थी दोन वर्षांत एकदाही गोदामात, इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर किंवा बाजारातल्या गाळ्यावर जाऊन बसत नाहीत, त्या कॉलेजने ही पदवी देऊ नये. मग ते कॉलेज टेक्ससमध्ये असो की बेलापूरमध्ये.

असं का म्हणते, ते एका गोदामावरून सांगते. तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमच्या टीमने एका वितरकाकडे नवीन सॉफ्टवेअर बसवलं होतं. पर्चेस ऑर्डर, त्यावर माल आला की जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मग स्टॉक, मग बिल, असा सरळ मार्ग. तीन महिन्यांनी मुख्य कार्यालयातून तक्रार आली: स्टॉक जुळत नाही, दर महिन्याला फरक पडतो आणि फरक एकाच गोदामात आहे. चोरीचा संशय आला आणि तो आला थेट स्टोअरकीपर काकांवर. बावीस वर्षं तिथे काम केलेला माणूस. मला पाठवलं होतं ते ‘डेटा तपासायला’. मी दोन दिवस स्क्रीन तपासला, काही सापडलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी काकांनी टेबलाखालचा खण उघडून एक लांब वही माझ्यासमोर ठेवली. निळ्या शाईत आलेला माल, लाल शाईत फरक. एका ओळीत लिहिलं होतं: ‘५०० पैकी ४८० आले, १२ ओले, २० येणे.’ मी विचारलं, हे सॉफ्टवेअरमध्ये का नाही? ते म्हणाले, “मॅडम, गाडी रात्री अकराला येते. ड्रायव्हर थांबत नाही, थांबला तर खोटीचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे लागतात. तुमचं मशिन पाचशेच मागतं. चारशेऐंशी टाकले तर लाल पट्टी येते, पुढे जात नाही. मग मी पाचशे टाकतो आणि खरं इथे लिहितो.”

सॉफ्टवेअरमध्ये तांत्रिक चूक एकही नव्हती. जे लिहून दिलं होतं, तेच प्रोग्रॅमरने बनवलं होतं आणि उत्तम बनवलं होतं. अर्धी गाडी आली तर काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ज्याला उत्तर ठाऊक होतं त्याला बैठकीला बोलावलं नव्हतं, आणि बैठकीला जे होते त्यांनी रात्री अकराची गाडी कधी पाहिली नव्हती. मी पुढचे चार दिवस ती वही वाचली. त्या कंपनीची खरी सिस्टिम त्या वहीत होती. आम्ही लाखो रुपये घेऊन बसवलेली सिस्टिम तिच्यावर उभी होती. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. काकांवरचा संशय जायला मात्र वर्ष गेलं, आणि ते अजूनही मला टोचतं.

इन्फर्मेशन सिस्टिम्स हा विषय म्हणजे ती वही वाचायची विद्या. नोंद कोण करतं, कधी करतं, कुणाच्या दबावाखाली करतं, त्या नोंदीवर पुढे कोण विसंबतं आणि नोंद चुकली तर भुर्दंड कुणाला, हे शोधून मग यंत्राला काय सांगायचं ते ठरवणं. भाच्याच्या काकांना वाटतं की हा विषय व्हिसासाठी अलीकडे कुणीतरी जुळवला. पण संगणक धंद्यात आला त्याच दिवशी हा विषयही आला. धंद्याचं रोजचं काम करणारा पहिला संगणक कुठल्या विद्यापीठाने किंवा लष्कराने चालवला नाही. तो चालवला लंडनच्या चहाच्या दुकानवाल्यांनी. जे. लायन्स अँड कंपनीची गावोगाव चहाची दुकानं होती आणि मोठ्या बेकऱ्या होत्या. केंब्रिज विद्यापीठाच्या यंत्राला पैशांची मदत करून, त्याच्या धर्तीवर त्यांनी स्वतःचा ‘लिओ’ बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब सुरू केला. पण लायन्सकडे संगणकाच्या कितीतरी आधी एक वेगळा विभाग होता, ज्याचं काम एवढंच होतं की कारकुनी कामाची पद्धत कशी सुधारता येईल ते शोधत राहणं. पुढे दुकानांच्या मागणीचं काम लिओवर आणताना त्यांनी काय केलं बघा. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्रात कायम ठेवली आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईने फक्त आज काय कमी-जास्त हवं तेवढंच फोनवर सांगायचं, अशी सोय केली. रोजची लांबलचक यादी गेली. आजच्या भाषेत याला ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात, पण त्यासाठी त्या बाईचा दिवस कसा जातो हे आधी कुणीतरी जाऊन पाहिलेलं होतं. यंत्र तेव्हा खोलीभर होतं आणि त्याची स्मरणशक्ती आजच्या साध्या फोनच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी काम झालं.

या कामाला विद्यापीठात जागा मिळायला पुढे पंधरा-वीस वर्षं लागली. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस त्याचा पाया घातला, आणि १९७२ साली संगणक क्षेत्रातल्या एसीएम या संघटनेने पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला. कॉम्प्युटर सायन्स असताना दुसरा अभ्यासक्रम कशाला, हा प्रश्न तेव्हाही होता. उत्तरही तेव्हापासून तेच आहे: यंत्र नीट चालणं आणि संस्था नीट चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट पहिलीतून आपोआप निघत नाही.

आता भाच्याच्या काकांच्या बाजूने जे बोलता येईल ते मी त्यांच्यापेक्षा जोरात बोलते, कारण त्यात तथ्य आहे. या पदवीचे बरेच अभ्यासक्रम खरोखर पातळ असतात. थोडं डेटाबेस, थोडं प्रोजेक्ट मॅनेजमेंट, एक सायबर सुरक्षेचा पेपर, एक डॅशबोर्डचा, आणि शेवटी बुलेट पॉइंटांचं सादरीकरण. कोडिंग कधीच न केलेला माणूस प्रोग्रॅमरांवर देखरेख करायला जातो तेव्हा टीमला जो त्रास होतो तो मी पाहिला आहे. आणि एआयबद्दल ते जे म्हणतात तेही पुष्कळ अंशी खरं आहे. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, टेस्ट केसेस तयार करणं, ठरावीक साच्यातला अहवाल काढणं, ही या पदवीधरांची पहिल्या दोन वर्षांतली कामं होती; ती आता यंत्र करतं आणि बरं करतं. फक्त तेवढ्यासाठी जो शिकायला जाईल त्याची पंचाईत होणार आहे. हे त्याला आधी सांगायला हवं, कर्जावर सही झाल्यानंतर नको.

पण कोड लिहिणं स्वस्त झालं म्हणून काय लिहायचं हे ठरवणंही स्वस्त झालं का? तुर्भ्याच्या गोदामात आज एआयकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलं असतं, तर जे सहा महिन्यांत झालं ते सहा दिवसांत झालं असतं आणि लाल पट्टीसकट झालं असतं. अर्ध्या गाडीचा प्रश्न यंत्राला सुचला असता असं गृहीत धरलं, तरी ओल्या खोक्यांची जबाबदारी वाहतूकदाराची की पुरवठादाराची, आणि रात्री अकराला ते ठरवायचा अधिकार कुणाचा, याचं उत्तर यंत्राने कुठून आणलं असतं? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ठरवून घ्यावं लागलं, तीन विभागांच्या माणसांना एका टेबलाशी बसवून.

नवं यंत्र आलं की जुनी माणसं निकामी होतात, एवढंच आपण दरवेळी मोजतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० साली वीज आणि संगणक यांची तुलना केली होती. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं, पण कारखान्यांचं उत्पादन विजेमुळे खऱ्या अर्थाने वाढलं ते १९२०च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय चाललं होतं? कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी विजेची एक मोठी मोटर बसवली; सगळी यंत्रं फिरवणारा वरचा दांडा, त्याचे पट्टे, मजल्यावर मजला, सगळं तसंच ठेवलं. फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर दिल्यावर आणि कामाच्या ओघाप्रमाणे कारखान्याची मांडणी बदलल्यावर. वीज बदलली म्हणून नव्हे, मांडणी बदलली म्हणून.

आपल्याकडेही हे घडलंय, आणि पन्नाशीतल्या प्रत्येक ठाणेकराने ते अनुभवलंय. बँकांच्या संगणकीकरणावरून ऐंशीच्या दशकात केवढा संघर्ष झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचे १९८४ आणि १९८९ चे अहवाल, कर्मचारी संघटनांचा विरोध, वाटाघाटी, करार. मग शाखेत खातेवहीच्या जागी यंत्र आलं. ग्राहकाला काय मिळालं? जांभळी नाक्यावरच्या शाखेत खातं असलेल्या माणसाला वाशीच्या शाखेत उभं राहून पैसे काढता येत नव्हते ते नव्हतेच. खातेवही कागदाऐवजी यंत्रात गेली, एवढाच फरक. खरा बदल कोअर बँकिंग आल्यावर झाला, जेव्हा ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला. हा बदल प्रोग्रॅमिंगचा कमी आणि संस्थेचा जास्त होता. सही कुठे तपासायची, रोकड कमी पडली तर जबाबदार कोण, शाखा व्यवस्थापकाचे कुठले अधिकार मध्यवर्ती कार्यालयात जाणार, हे सगळं नव्याने ठरवावं लागलं. एआयच्या बाबतीत आज आपण जुन्याच दांड्याला नवी मोटर जोडतो आहोत. मांडणी बदलायचं काम पुढे पडलेलं आहे आणि ते करणारी माणसं लागणार आहेत.

ती नसतील तर काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत भयंकर उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचं आहे. १९९९ पासून तिथल्या पोस्टांमध्ये फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबाची सिस्टिम बसवली गेली. गावातलं छोटं पोस्ट चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते, पैसे आम्ही घेतलेले नाहीत, यंत्र चुकतंय. खातं म्हणालं, यंत्र चुकत नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सिस्टिममध्ये खरोखरच दोष होते आणि शाखेचे हिशेब तिथल्या माणसाच्या नकळत बाहेरून बदलता येत होते. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथे चांगल्या प्रोग्रॅमरांचा तुटवडा होता का? त्या संस्थेत ‘आकडा आणि माणूस यांत फरक पडला तर काय करायचं’ याची रीतच नव्हती. इंग्लंडच्या न्यायालयांतही तेव्हा गृहीतक हेच होतं की उलट पुरावा नसेल तर संगणक बरोबर चालतो. मी होरायझनबद्दल वाचते तेव्हा मला तुर्भ्याचे काका दिसतात. त्यांच्याकडे वही होती म्हणून ते सुटले.

आणि हे फक्त विलायतेत घडतं असंही नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. मनाईची कारणं त्या पत्रकात दिली होती: आयटी मालमत्तेची नोंद, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) आणि बदलांचं व्यवस्थापन, कुणाला कुठवर प्रवेश द्यायचा याचं नियंत्रण, पुरवठादारांकडून येणारी जोखीम, डेटाची सुरक्षा, संकटात काम चालू ठेवण्याची तयारी. मी ते पत्रक वर्गात वाचून दाखवलं, कारण ती आमच्या अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका होती. जे विषय मुलं ‘थिअरी’ म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात, त्यांच्यातल्या त्रुटींपायी देशातल्या एका मोठ्या बँकेचा वाढीचा रस्ता दहा महिने बंद राहिला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आता दवाखान्यापासून हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळ्यांनाच विचारणार आहे की लोकांची माहिती कशासाठी घेता आणि कुठे ठेवता. त्या प्रश्नाचं उत्तर कोण तयार करणार?

भाच्याच्या बाबांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. घर तारण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या बापाने हप्त्यांचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा? अमेरिकेतली चांगली विद्यापीठं हा विषय आपल्यापेक्षा पुष्कळ चांगला शिकवतात, हेही मान्य. तिथले प्राध्यापक संशोधन करतात, कंपन्या आपले अडलेले प्रश्न वर्गात आणून देतात. पण व्हिसाच्या पायावर पदवी निवडली तर पाया वॉशिंग्टनमधल्या एका सहीने हलतो, हे त्या सप्टेंबरात सगळ्यांनी पाहिलं. आणि बाविसाव्या वर्षी, एकही दिवस नोकरी न करता गेलेला मुलगा त्या वर्गात काय घेणार? त्याच्या शेजारी इस्पितळात सहा वर्षं काम केलेली बाई बसलेली असते. ‘बदलाला विरोध’ हा धडा ती वाचते तेव्हा तिला आपल्या वॉर्डातली मोठी सिस्टर आठवते. या मुलाला फक्त व्याख्या दिसते. माझ्या वर्गात हा फरक मी दर वर्षी बघते. कामाचा अनुभव असलेली मुलं पहिल्याच आठवड्यात भांडायला लागतात, ‘मॅडम, आमच्याकडे असं होत नाही’ म्हणतात. मला ते फार आवडतं. नवी मुलं वहीत उतरवून घेतात.

यावर सर्वांत अवघड आक्षेप मला माझ्या विद्यार्थिनींच्या आयांनी घेतला आहे. त्या म्हणतात, “मॅडम, मध्ये नोकरी केली की शिक्षण सुटतं. मुलाचं कदाचित नाही सुटणार, मुलीचं सुटतंच. मग लग्न, मग मूल. सलग झालं तर झालं.” हे खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की मी स्वतः मुंबई विद्यापीठाचा मास्टर्स इन इन्फर्मेशन मॅनेजमेंट केला तो संध्याकाळचा, तीन वर्षांचा, नोकरी करणाऱ्यांसाठी आखलेला अभ्यासक्रम म्हणून. दिवसा महापे, संध्याकाळी वर्ग, रात्री दहाची गाडी. दिवसा जे अडायचं ते संध्याकाळी विचारायचं. घरात सासूबाई होत्या म्हणून जमलं, हेही सांगायला हवं. असे संध्याकाळचे वर्ग सोयीच्या ठिकाणी, स्टेशनजवळ, वाढले तर आयांचा आक्षेप पुष्कळ निवळेल. घडतंय मात्र उलटं. सगळा जोर पूर्ण वेळाच्या, सलग, लवकर उरकणाऱ्या पदव्यांवर आहे. एमसीए तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. वर्ष वाचलं, फी वाचली, हे चांगलंच. पण दोन वर्षांत भाषा, डेटाबेस, क्लाउड आणि मशीन लर्निंग बसवल्यावर विद्यार्थ्याला एखाद्या कामाच्या ठिकाणी नुसतं बसून बघायला वेळ कुठला?

इथे मला १८४५ साल आठवतं. त्या वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्याला लागूनच जे. जे. रुग्णालय. कॉलेज एकीकडे आणि रुग्णालय दुसरीकडे असं केलं नाही. डॉक्टर व्हायचं तर वॉर्डातून फिरलं पाहिजे, खाटेशेजारी उभं राहून रोग्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे तेव्हाच्या लोकांनाही उमगलं होतं. नुसती शरीररचनेची पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या हाती आज आपण स्वतःचं पोर देऊ का? मग ज्याच्या आराखड्यावर हजारो लोकांचा पगार, औषध किंवा जमिनीची नोंद अवलंबून राहणार, त्याला वॉर्ड न दाखवता पदवी कशी देतो?

नवी मुंबईएवढा वॉर्ड दुसऱ्या कुठल्या शहरात मिळेल असं मला वाटत नाही. लोकांना ऐरोली, रबाळे, महापे म्हटलं की काचेच्या इमारती आणि डेटा सेंटरं दिसतात. पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना रसायनांचा वास यायचा, आता सर्व्हरांना थंड ठेवणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येते, आणि नवी मुंबई तंत्रज्ञानाचं शहर झाली असं आपण अभिमानाने सांगतो. पण डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारतीत माणसं मोजकीच लागतात. या विषयाचं काम त्या भिंतींच्या बाहेर आहे: न्हावा-शेवाच्या कंटेनरच्या कागदांत, भिवंडीच्या गोदामांत, पालिकेच्या विभाग कार्यालयात, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसांची कागदपत्रं घेऊन फिरणाऱ्या प्रकल्पग्रस्त कुटुंबाच्या फाइलीत, आणि वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी मालाच्या घाऊक बाजारात.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या कोपरखैरण्याच्या एका मुलीने एक पट्टी आणली. तिचे वडील कांदा-बटाटा मार्केटमध्ये काम करतात. माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला जो हिशेबाचा कागद देतो ती पट्टी. गोण्या किती, वजन किती, भाव काय, मग वजा: मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई, उचल. खाली निव्वळ रक्कम. मी बाकी सगळं बाजूला ठेवून दोन तास त्या एका कागदावर वर्ग घेतला. वजन कोण करतं? त्याने केलेलं वजन शेतकऱ्याने, जो तेव्हा जुन्नरला आपल्या घरी आहे, कशाच्या भरवशावर मानायचं? भाव कुठल्या गोणीचा, वरच्या की तळातल्या? २०१६ साली सरकारने फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. म्हणजे पट्टीतली एक ओळ एका निर्णयाने उडाली. मग तो पैसा कुठल्या कागदावर गेला? हे सगळं ऑनलाइन करायचं ठरवलं तर सर्वांत आधी कुणाला विचारायचं: आडत्याला, मापाड्याला, माथाडीला की शेतकऱ्याला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं आणि प्रत्येकाजवळ कारण होतं. एआयने सुचवलेले तीन आराखडेही आम्ही पडद्यावर लावले. दिसायला नेटके होते. तिन्हींतही उचलीची ओळ नव्हती, म्हणजे शेतकऱ्याने हंगामाआधी आडत्याकडून घेतलेली रक्कम. आडत्या आणि शेतकरी यांचं सगळं नातं त्या ओळीवर उभं असतं आणि ते त्या मुलीने सांगितलं, कारण तिने घरी ऐकलेलं होतं.

मी कॉलेजकडे मागणी केली आहे की या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वर्षात निदान बारा शनिवार एकाच ठिकाणी घालवावेत. एकच गाळा, एकच गोदाम किंवा एकच नोंदणी खिडकी, आणि तिथल्या माणसाने वाचून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये. अडचणी सांगितल्या गेल्या: हजेरी कशी घ्यायची, विमा कोण काढणार, गुण कसे द्यायचे. सगळ्या खऱ्या आहेत आणि सगळ्या सुटण्यासारख्या आहेत. वैद्यकीय कॉलेजं वॉर्डातली हजेरी घेतातच.

भाच्याला मी सांगितलं, अर्ज दोन वर्षांनी कर, आधी नोकरी धर, आणि आधी माझ्याबरोबर एक पहाट एपीएमसीत चल. तो आला, पहाटे चारला, ओला रेनकोट घालून. गाड्या उतरत होत्या, हमालांच्या पाठीवर गोण्या, मध्येच कुणाचं तरी ‘बाजूला व्हा’. विद्यार्थिनीच्या वडिलांनी आम्हाला एका गाळ्यावर नेलं. तिथे मेहताजी, म्हणजे गाळ्याचे हिशेबनीस, पट्ट्या लिहीत होते. संगणक शेजारी चालू होता आणि ते आधी हाताने लिहून मग त्यात टाकत होते. भाचा बराच वेळ गप्प उभा होता. मग त्याने विचारलं, “काका, आधी हाताने का लिहिता?” मेहताजींनी मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि गादीवर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.